यादीत दोनदा आलेला कुत्रा

१२ मार्च २०२४ या तारखेचे एक पत्र केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवले. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरवलेल्या काही जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री यांसाठी स्थानिक संस्थांनी परवाने देऊ नयेत, आणि जी कुत्री आधीच घरोघरी पाळलेली आहेत त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असा त्याचा आशय होता. वर्तमानपत्रांनी ‘२३ जातींवर बंदी’ असा मथळा दिला आणि तो आकडा लोकांच्या तोंडी बसला. पत्र न्यायालयात टिकले नाही. यादी मात्र टिकली. कोणत्या जातीचा कुत्रा सर्वांत धोकादायक, असा प्रश्न निघाला की आजही हीच यादी पुढे केली जाते. म्हणून ती कुठून आली हे तपासणे मला अगत्याचे वाटते. तज्ज्ञांच्या समितीने ती ठरवली, एवढेच पत्र सांगते. यादीतली नावे मात्र त्याहून बरेच काही सांगतात.

नावे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वाचावीत, कारण पुढचा सगळा शोध त्या क्रमावर उभा आहे. पिटबुल टेरियर, तोसा इनू, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, फिला ब्राझिलेरो, दोगो आर्जेन्तिनो, अमेरिकन बुलडॉग, बोअरबोल, कांगाल, मध्य आशियाई मेंढपाळी कुत्रा, कॉकेशियन मेंढपाळी कुत्रा, दक्षिण रशियन मेंढपाळी कुत्रा, टोर्नयाक, शारप्लानिनाच. त्यानंतर जपानी तोसा व अकिता, मॅस्टिफ (याच्यापुढे कंसात पुन्हा बोअरबोल), रॉटवायलर, टेरियर, ऱ्होडेशियन रिजबॅक, वुल्फ डॉग, कनारिओ, अकबाश, मॉस्को गार्ड डॉग, केन कोर्सो. आणि शेवटी, ‘बॅन डॉग’ किंवा ‘बॅनडॉग’ या नावाने सामान्यतः ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा.

पहिली अडचण मोजणीचीच आहे. स्वल्पविरामांनुसार मोजले तर नोंदी चोवीस भरतात. तोसा आणि अकिता वेगळे धरले तर पंचवीस. मग तेवीस कसे? तोसा इनू आणि जपानी तोसा हा एकच कुत्रा आहे: जपानच्या शिकोकू बेटावरच्या जुन्या तोसा प्रांतात, म्हणजे आजच्या कोची परगण्यात, झुंजीसाठी तयार केलेली जात. ती यादीत दोनदा आहे. बोअरबोल हा दक्षिण आफ्रिकेतला शेतराखणीचा कुत्रा, तोही दोनदा आहे: एकदा स्वतंत्र, एकदा मॅस्टिफच्या कंसात. या दोन पुनरुक्त्या वजा केल्या की पंचवीसाचे तेवीस होतात. मथळ्यातला आकडा असाच निघाला की शेवटची बॅनडॉगची नोंद सोडून देऊन, हे सांगता येत नाही. पुनरुक्ती मात्र निश्चित आहे आणि तीच पहिला धागा आहे.

जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हा धागा ओळखीचा वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा शेकडो हस्तलिखितांची कुळे लावण्याचे एक साधन लेखनिकांच्या चुका हे होते. बरोबर पाठ कोणाचाही असू शकतो. तीच चूक दोन पोथ्यांत त्याच जागी आली तर त्यांचा पूर्वज एक. एकच श्लोक जरा वेगळ्या शब्दांत लागोपाठ दोनदा आला, तर लेखनिकासमोर दोन पोथ्या होत्या आणि त्याने दोन्हींतले उतरून घेतले, अशी शंका घ्यायची. एकाच माणसाने कुत्र्यांची माहिती समोर ठेवून विचारपूर्वक यादी केली असती, तर तोसा त्याने दोन नावांनी दोनदा लिहिला नसता. दोन याद्या एकीखाली एक जोडल्या, तर असे सहज घडते. जोड कुठे आहे हेही त्यातून कळते: शारप्लानिनाचच्या पुढे आणि जपानी तोसाच्या आधी. म्हणजे पहिल्या तेरा नावांनंतर.

आता ही तेरा नावे घेऊन इतर देशांचे कायदे चाळू. डेन्मार्कमध्ये १ जुलै २०१० पासून तेरा जातींवर बंदी आहे. त्या अशा: पिटबुल टेरियर, तोसा इनू, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, फिला ब्राझिलेरो, दोगो आर्जेन्तिनो, अमेरिकन बुलडॉग, बोअरबोल, कांगाल, मध्य आशियाई, कॉकेशियन आणि दक्षिण रशियन ओव्हचारका (म्हणजे मेंढपाळी कुत्रे), टोर्नयाक, शारप्लानिनाच. तेरा नावे, तीच, त्याच क्रमाने. हा क्रम अकारविल्हे नाही, देशवार नाही आणि आकारमानानेही लावलेला नाही. तेरा नावे मांडण्याचे प्रकार सहाशे बावीस कोटींहून अधिक होतात. त्यातला नेमका हाच प्रकार दोन ठिकाणी योगायोगाने जुळणे मला संभवनीय वाटत नाही. भारतीय यादीचा पहिला खंड डॅनिश यादीतूनच उतरला आहे, हे मी निश्चित या सदरात टाकतो. तो थेट डॅनिश कायद्यावरून घेतला की कोणा मध्यस्थाने केलेल्या संकलनातून, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर अजून तर्काच्याच हद्दीत आहे.

डॅनिश यादीही एका दिवसात झालेली नाही. तिची पहिली दोन नावे, पिटबुल आणि तोसा, तिथे १९९१ पासून बंदीत होती. उरलेली अकरा २०१० मध्ये जोडली गेली. आणि १९९१ हे साल म्हटले की ब्रिटनकडे पाहावेच लागते. त्या वर्षीच्या मे महिन्यात तिथे पिटबुलच्या हल्ल्यांच्या बातम्यांनी देश हादरला होता. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी आणलेला धोकादायक कुत्र्यांचा कायदा २५ जुलैला संमत झाला आणि १२ ऑगस्टला बंदी अमलात आली. त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात दोन प्रकार नावानिशी आहेत, पिटबुल टेरियर आणि जपानी तोसा. फिला ब्राझिलेरो आणि दोगो आर्जेन्तिनो त्याच वर्षी आदेशाने जोडले गेले. ब्रिटनमध्ये तेव्हा तोसा जवळपास नव्हताच. त्याने तिथे कोणाला मारले म्हणून तो कायद्यात आला नाही. झुंजीचा कुत्रा देशात रुजण्याआधीच रोखावा, हा विचार त्यामागे होता. म्हणजे दिल्लीच्या पत्रातली पहिली दोन नावे युरोपात १९९१ साली बसलेल्या भीतीचा थर जपून आहेत. तो थर त्या पत्रापर्यंत पोहोचायला तेहतीस वर्षे लागली.

यादीचे शेपूटही असेच बोलके आहे. बाकी सगळीकडे नुसती नावे आहेत. शेवटी मात्र एकदम कायद्याची भाषा येते: या नावाने सामान्यतः ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा, आणि पुढे कंसात त्याच नावाचे जोडून केलेले लेखन. असा शब्दप्रयोग कोणी सहज करत नाही. तो आयर्लंडच्या १९९८ च्या श्वाननियंत्रण नियमांत आहे, कंसासकट. त्याच नियमांत जपानी अकिता, जपानी तोसा, ऱ्होडेशियन रिजबॅक आणि रॉटवायलर जवळजवळ उभे आहेत, आणि भारतीय यादीच्या दुसऱ्या खंडातही ही मंडळी आसपासच भेटतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आयर्लंडचा तो नियम बंदीचा नव्हता. अशा जातीचा कुत्रा सार्वजनिक ठिकाणी न्यायचा असेल तर त्याला मुसके बांधावे, मजबूत साखळी किंवा पट्टा असावा आणि तो सोळा वर्षांवरील, त्याला आवरू शकेल अशा माणसाच्या हाती असावा, असे त्यात सांगितले होते. मुसक्याच्या नियमातले वाक्य बंदीच्या पत्रात येऊन बसले. वाक्य तिथलेच आहे याबद्दल मला शंका नाही. ते थेट आले असे मात्र मी म्हणणार नाही.

दोन टोके लागली. मधला भाग उरतो आणि तिथे वाट दिल्लीतून जाते.

जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. ती बातमी देशभर गेली. पुढच्या तीनच महिन्यांत कानपूर महापालिकेने पिटबुल आणि रॉटवायलर पाळण्यावर, आणि गाझियाबादने पिटबुल, रॉटवायलर आणि दोगो आर्जेन्तिनो यांच्यावर बंदीचे निर्णय घेतले. इथवर यादी दोन-तीन नावांचीच होती. २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका वकिली संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आधी सरकारकडे निवेदन द्या, असे न्यायालयाने तिला सांगितले. त्या प्रकरणाच्या बातम्यांत जी नावे उद्धृत झाली त्यांत पिटबुल, रॉटवायलर, अमेरिकन बुलडॉग, निआपोलिटन मॅस्टिफ, वुल्फ डॉग, बोअरबोल, प्रेसा कनारिओ, केन कोर्सो, बॅनडॉग आहेत. जपानी तोसा आहे, तोसा इनूही आहे. आणि कोणतेही विशेषण नसलेला नुसता ‘टेरियर’ हा शब्दही आहे.

हा शेवटचा शब्द मला मोलाचा वाटतो. टेरियर ही जात नाही, तो जातींचा गट आहे. माणसाच्या मांडीवर झोपणारा तीन किलोचा यॉर्कशायर टेरियर त्यात येतो आणि आपल्याकडे जुन्या बंगल्यांतून दिसणारा फॉक्स टेरियरही. कोणताही पशुवैद्य स्वतःच्या हाताने हा शब्द असा मोकळा लिहिणार नाही. याचिकेच्या बातम्यांत तो जसा आहे तसाच तो पत्रात आहे. त्यामुळे दुसऱ्या खंडाचा बराचसा भाग निवेदनातून आला असावा, असा माझा तर्क आहे. निश्चित म्हणण्याइतका पुरावा नाही, पण तर्क बळकट आहे. अकबाश हा तुर्कस्तानातला पांढरा मेंढपाळी कुत्रा आणि मॉस्को गार्ड डॉग हा सोव्हिएत काळातला संकर, ही दोन नावे मात्र वरच्या कोणत्याच यादीत बसत नाहीत. बातम्यांनी निवेदनातली नावे ‘इत्यादी’ म्हणून तोडली आहेत, तिथे ती असतील. नाहीतर एक चौथा कागद मानावा लागेल.

तारखांचा हिशेबही लावून पाहिला पाहिजे. ६ डिसेंबर २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घ्या. ती मुदत मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात संपत होती. पत्र निघाले १२ मार्चला. मुदत टळल्यावर काही दिवसांत निघालेल्या पत्रात एक कुत्रा दोनदा यावा, ही माझ्या मते घाईची खूण आहे. हा पुन्हा तर्क, पण तारखा खऱ्या आहेत.

यादीत जे नाही तेही पुरावाच असते. जर्मन शेफर्ड नाही. डॉबरमन नाही. आयर्लंडच्या नियमांत हे दोन्ही नावानिशी आहेत, म्हणजे उतरवून घेताना ते कोणीतरी वगळले, किंवा मधल्या संकलनातच ते गळले होते. जर्मन शेफर्डला कधीकाळी केवढी भीती चिकटली होती हे आज आठवत नाही: ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली, त्याच्यात लांडग्याचे रक्त आहे आणि तो रानातल्या डिंगोंशी संकर करून मेंढ्यांच्या कळपांचा काळ ठरेल या धास्तीने, आणि ती बंदी पुरती उठायला १९७० चे दशक उजाडले. आपल्याकडे तो पोलिसांचा आणि लष्कराचा कुत्रा. त्याला यादीत घालणे अवघड गेले असेल, असे वाटते खरे, पण ते वाटणेच आहे.

दुसरी अनुपस्थिती मला अधिक अस्वस्थ करते. तेवीस नावांत भारतीय उपखंडातली एकही जात नावाने नाही. पंजाबात झुंजींसाठी पाळला जाणारा बुली कुत्ता, ज्याचे नाव रशियाने २०१९ मध्ये केलेल्या धोकादायक कुत्र्यांच्या यादीत आहे, तो भारताच्या यादीत नाही. सांगली-सोलापूर भागातल्या कारवानीचे नाव असायला हवे होते असे मी म्हणत नाही. ते शिकारीचे आणि लाजरे कुत्रे. मुद्दा एवढाच की भारतात कोणी कोणाला चावले याच्या नोंदी समोर ठेवून ही यादी झाली असती, तर तिच्यात भारत कुठेतरी दिसला असता. त्याऐवजी तिच्यात बोस्निया आणि क्रोएशियातला टोर्नयाक आहे, शार पर्वतातला शारप्लानिनाच आहे. हे कळप राखणारे डोंगरी कुत्रे महाराष्ट्रातल्या कोणत्या महापालिकेच्या निरीक्षकाला पाहून ओळखता येतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मग भीती निराधार आहे का? नाही, आणि इथे कागद दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. या प्रश्नावरचा सर्वांत सलग लेखी पुरावा अमेरिकेतला आहे. १९८९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९७९ ते १९८८ मधल्या १५७ श्वानबळींचा अभ्यास आला. ज्या १०१ मृत्यूंत कुत्र्याची जात नोंदलेली होती, त्यांपैकी ४२ मध्ये पिटबुल होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या जर्मन शेफर्डच्या जवळजवळ तिप्पट. २००० मध्ये तिथल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने १९७९ ते १९९८ या वीस वर्षांतले, जात ठाऊक असलेले २३८ मृत्यू मांडले. निदान २५ जाती त्यांत होत्या, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल वळणाची कुत्री किंवा रॉटवायलर. हे आकडे बाजूला सारून ‘सगळी कुत्री सारखीच’ असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण त्याच लेखकांनी सावध केले होते. देशात प्रत्येक जातीची कुत्री किती आहेत हे ठाऊक नसेल, तर एका जातीचे बळी जास्त की ती जातच जास्त, हे ठरत नाही. शिवाय त्याच अभ्यासात दुसरी एक मोजणी आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्या २२७ मृत्यूंत परिस्थितीची नोंद होती, त्यांपैकी १३३ मध्ये कुत्रा मालकाच्याच आवारात मोकळा होता. ५५ मध्ये तो आवाराबाहेर मोकळा होता. ३८ मध्ये आवारात बांधलेला. आवाराबाहेर, माणसाच्या हातातल्या पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने घेतलेला बळी वीस वर्षांत एक.

जात कोण नोंदवतो, हा त्याहून खोल प्रश्न आहे. २०१३ मध्ये त्याच पशुवैद्यक नियतकालिकात २००० ते २००९ मधल्या २५६ मृत्यूंचा अभ्यास आला. त्यासाठी संशोधक वर्तमानपत्रांवर थांबले नाहीत. तपास अधिकाऱ्यांशी बोलले, अहवाल मिळवले. त्यांना काय आढळले? ज्या ३४६ कुत्र्यांची जात बातम्यांतही होती आणि श्वाननियंत्रण विभागाच्या नोंदीतही, त्यांपैकी १३९ बाबतीत दोन्ही जुळत नव्हत्या. खात्रीने जात ठरवता आली ती २५६ पैकी ४५ घटनांत. उलट २२३ घटनांत मध्ये पडू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते, २१६ मध्ये कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते, १९५ मध्ये कुत्रा घरच्या माणसांच्या नित्य सहवासापासून तुटलेला, एकाकी ठेवलेला होता. भीतीचा सगळा भार ज्या रकान्यावर टाकला जातो, तोच रकाना सर्वांत कच्चा निघाला.

आपल्याकडे तो रकाना जाहीर आकड्यांत दिसतच नाही. केंद्र सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७,१७,३३६ श्वानदंश झाले आणि ५४ मृत्यू रेबीजचे असल्याचा संशय होता. हे आकडे राज्यवार आहेत, महिनेवार आहेत. चावणारा कुत्रा पाळलेला होता की रस्त्यावरचा, त्याची जात कोणती, बांधलेला होता की मोकळा, हे त्यांत नाही. सदतीस लाख जखमा, आणि त्यांच्यावरून धोकादायक जातींची एक ओळही लिहिता येत नाही.

पत्राचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्यापुरती अंतरिम स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांनी ते रद्द केले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना बाजू मांडू दिली नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण. रीतसर प्रक्रिया करून नवा निर्णय घेण्याची वाट सरकारला मोकळी ठेवली गेली. नंतर केंद्राने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या.

यादीचा माग पुरता लावायचा तर आता समितीच्या बैठकांचे कागद लागतील: टिपणे, निवेदनाची मूळ प्रत, तिला जोडलेली परिशिष्टे. ते उघडतील तेव्हा कोणत्या शब्दाकडे आधी पाहायचे हे मी ठरवून ठेवले आहे. पत्राचा जो मजकूर प्रसृत झाला त्यात बोअरबोल हे नाव सातव्या जागी चुकीच्या स्पेलिंगने आले आहे. ‘र’ च्या जागी ‘स’ पडून ते ‘बोएसबोल’ झाले आहे. मॅस्टिफच्या कंसात मात्र तेच नाव अचूक आहे. डॅनिश यादीत ही चूक नाही. म्हणजे डेन्मार्क आणि दिल्ली यांच्यामध्ये कुठेतरी एका टंकलेखकाचे बोट घसरले. ते विभागातच घसरले असेल, तर यादी विभागात जोडली गेली. आणि तोच ‘स’ त्याआधीच्या एखाद्या कागदावर सापडला, तर डॅनिश खंड दिल्लीत कोणी आणला ते त्या कागदावरच्या तारखेवरून कळेल.